उत्तरेकडची भिंत उकळली

१

नवरोजच्या आदल्या रात्री चिनोरबागच्या नव्या शाळेची उत्तरेकडची भिंत उकळली.

हसू नका. संगणकावर तसंच उमटलं होतं. काँक्रीट ओततानाच भिंतीच्या पोटात चार सेन्सर पुरायचे, असा नियम. आक्रोडाहून थोडे मोठे, राखाडी, गुळगुळीत. आतली ऊब मोजायची आणि आवारातल्या खांबावरच्या यंत्राला कळवायची, एवढंच त्यांचं काम. त्यातल्या तिसऱ्याने संध्याकाळपासून चढती ऊब कळवायला सुरुवात केली आणि मग उकळत्या पाण्याइतक्या तापावर तो रात्रभर ठिय्या देऊन बसला. सकाळी यंत्राने सबंध भिंतीवर लाल फुली मारली आणि शाळेचा परवाना अडवून ठेवला.

वसंतातला नववर्षाचा सण उरकल्यावर जिल्ह्याच्या बांधकाम तपासणी कचेरीतून सालोमत एर्गाशेवा आली. पन्नाशीची, आडव्या बांध्याची बाई. तोंडात कायम सुक्या दह्याची खारट गोळी आणि जिभेवर त्याहून खारट काहीतरी. आल्या आल्या तिने भिंतीवर तळहात ठेवला. भिंत थंडगार होती. ना तडा, ना काजळी.

"काय म्हणते भिंत?" मागून तोहिर-आकाने विचारलं. बांधकामाचा मुख्य तोच. अर्धं चिनोरबाग त्याच्याच हातचं.

"भिंत बोलली असती तर मला कशाला बोलावलं असतं, आका?"

"मी सांगतो ना. त्या पोराचं यंत्र बिघडलंय. भिंतीला काय धाड भरलीय?"

ते पोर म्हणजे फर्रुख. यंत्रणा त्यानेच बसवलेली. तो बाजूला तोंड पाडून उभा होता. त्याच्या शेजारी महल्ल्याचा प्रमुख सोबिर-ओता, काळं जाकीट, पांढरी दाढी, एक हात खिशात. दुसऱ्या हाताने त्याने कुंपणाला लागून असलेले खोलीएवढे पत्र्याचे डबे दाखवले. आतून पोरांचा पाढ्यांचा आवाज येत होता.

"दोन हिवाळे आमची पोरं त्या डब्यांत कुडकुडली, मुली. उद्या दुपारी जिल्ह्याचा हाकिम फीत कापायला येतोय. आता तूच काय ती मार्ग काढ."

तेवढ्यात सालोमतच्या साहेबांचा फोन आला. साहेबांचं बोलणं थोडक्यात होतं. उद्या दुपारपर्यंत कारण सापडलं तर ठीक. नाही सापडलं तर 'यंत्राचा बिघाड' असं लिहून सही करायची, शाळा उघडायची आणि ही यंत्रं जिल्ह्यातल्या सगळ्या बांधकामांवरून काढून टाकायची.

"आणि भिंतच वाईट असली तर?" सालोमतने विचारलं.

"तर तसं सिद्ध करा. हाकिमाला मी काय सांगू, भिंत उकळली?"

फोन बंद झाला. इथे जमीन वर्षातून दोनदा तरी हलते. त्या भिंतीला पाठ लावून तीनशे पोरं बसणार होती. सही न करता सुटका नव्हती आणि न कळता सही करणं सालोमतच्या रक्तात नव्हतं.

"ओपा," थोरल्या बहिणीला मारावी तशी हाक मारत फर्रुख हळूच जवळ आला. "एक सांगायचं राहिलंय. सगळ्यांसमोर बोललो असतो तर वेड्यात काढलं असतं मला. भिंत थंड आहे ना?"

"बर्फ आहे."

"मग तिच्या पोटातले सेन्सर उबदार कसे? आणि तिसरा तर आत्ता, या घटकेला, कोंबडीखालच्या अंड्याइतका गरम कसा?"

२

सालोमतने आधी फर्रुखलाच फैलावर घेतलं.

"तुझं आणि तोहिर-आकाचं भांडण झालं होतं म्हणे. 'बघून घेईन' म्हणाला होतास."

"म्हणालो होतो." पोराचे कान लाल झाले. "ओपा, जानेवारीत नियम बदलला. आधी गोठणीच्या दिवसांत नवी भिंत तीन दिवस उबेत ठेवली की चालायचं. आता सात. नियम बदलला की माझं यंत्र आधीचं सगळं पुन्हा तपासतं, कोणाच्या सांगण्याची वाट बघत नाही. पूर्वेकडची भिंत चौथ्या रात्री गारठली होती. यंत्राने ती नापास केली, आकांना पाडावी लागली. सगळ्या गावासमोर मला म्हणाले, 'मी काँक्रीट तळहातावर ओळखतो, तुझ्या डबड्यापेक्षा माझी म्हैस हुशार.' मग माझाही तोल गेला."

"आणि म्हणून तू खोटे आकडे घुसवलेस?"

"घुसवायचेच असते तर खरे वाटतील असे घुसवले असते. उकळणारी भिंत कोण दाखवील?"

हे तिला पटलं. लबाडी करणारा माणूस आपली लबाडी निदान ओळखू येणार नाही अशी तरी करतो.

मग काँक्रीटच्या कारखान्यातली नर्गिझा. तिथे तपासणीसाठी काँक्रीटचे ठोकळे उकळत्या पाण्याच्या हौदात शिजवतात. सेन्सरही तिच्याच हातून येत. उकळतं पाणीही तिचंच आणि सेन्सरही तिचेच, म्हटल्यावर सालोमतच्या डोळ्यांत चमक आली.

"आमचा गॅस सणाच्या आदल्या दुपारीच बंद केला होता," नर्गिझा फणकारली. "आंघोळीला पाणी तापवायची पंचाईत, तिथे हौद कुठून तापवणार! सेन्सर मी ट्रकबरोबर स्वतः आणले आणि तोहिर-आकाच्या हातात दिले. पुढचं मला विचारू नका."

"तुमच्या कारखान्यातून इथल्या खांबापर्यंत सेन्सरचं ऐकू येईल?"

उत्तर फर्रुखने दिलं. "छे! कारखाना गावाच्या त्या टोकाला. सेन्सरचा आवाज या आवारात पोचतो, फार तर शेजारच्या महल्ल्याच्या अंगणात. पुढे नाही."

म्हणजे जे काही उकळलं ते इथेच उकळलं, हाकेच्या अंतरावर. सालोमतने ते मनात पक्कं केलं.

तोहिर-आकाने तिला आपल्या खोपटात बसवलं. मधोमध खड्ड्यात निखारे, वर बुटकी चौकी, चौकीवरून चहूकडे लोंबणारी जाड गोधडी. "पाय आत घाला, सालोमतखोन. दमलात." तिने पाय घातले. बाहेर जर्दाळू फुलले होते, लोक कोट काढून फिरत होते आणि इथे निखारे अजून धगधगत होते.

"अजून शेगडी, आका?"

"पाठ. हिवाळा गेला तरी पाठ ऐकत नाही."

तिच्या टाचेला गोधडीखाली एक भांडं लागलं. त्यात काहीतरी खडखडलं. आकाने पायानेच ते पटकन पलीकडे सरकवलं आणि चहा ओतला.

"मजुरांनी सणाची शेकोटी पेटवली असेल भिंतीलगत," तो म्हणाला. "दुसरं काय असणार?"

"शेकोटी पेटली आणि काजळी धरली नाही, असं होतं होय?"

तोहिर-आका तिचा अर्धा भरलेला पेला पुन्हा भरायला लागला आणि चहा चौकीवर सांडला.

३

दुसऱ्या दिवशी सकाळी सालोमतने फर्रुखला सबंध हिवाळ्यातल्या नोंदी पडद्यावर काढायला लावल्या.

"भिंत ओतली त्या आठवड्यात थंडी कशी होती?"

"नळ फुटले होते, ओपा."

"तरी चारही सेन्सर ठणठणीत गरम. शाबास! पहिला कुठे पुरलाय?"

"अगदी कोपऱ्यात. दोन्हीकडून वारा."

"आणि चौथा?"

"आतल्या बाजूला, जिन्याला लागून."

"मग कोपऱ्यातला जास्त गारठायला हवा. इथे बघ, चौघांची रेघ एकावर एक. एका गोधडीत झोपलेली भावंडं जशी." तिने तोंडातली गोळी या गालातून त्या गालात घेतली. "आपण यंत्राला एवढंच विचारलं की ऊब कमी पडली का. इतकी सारखी कशी, हे विचारायला आपल्याला सुचलंच नाही."

फर्रुखने कपाळावर हात मारला. "म्हणजे ही नोंद भिंतीची नाहीच?"

"आत्ताच उड्या मारू नकोस. वस्तू हाती लागल्याशिवाय कोणी ऐकणार नाही. तिसरा काय म्हणतोय?"

"कालच्यासारखाच. अंड्याइतका गरम."

नोंदी बघता बघता दुपार होत आली. दाराशी सोबिर-ओता येऊन उभा होता. सालोमतच्या पाठीमागे लागून लागून त्याचा घसा बसला होता. "झालं का, मुली? डब्यातल्या एका पोराला कालपासून खोकल्याची उबळ थांबत नाहीये. मी जरा नमाज पढून येतो, तेवढ्यात एवढं सहीचं बघ." खिशातला हात खिशातच ठेवून तो मशिदीच्या वाटेला लागला.

सालोमत त्याच्या पाठमोऱ्या आकृतीकडे बघत राहिली. तिला त्याचा राग येत नव्हता, वाईट वाटत होतं. म्हातारा स्वतःसाठी काहीच मागत नव्हता.

"ओपा!" फर्रुख किंचाळला. "तिसरा गेला!"

"गेला म्हणजे?"

"खांबाला ऐकूच येत नाही. बाकीचे तिघे आहेत. तिसरा हद्दीबाहेर गेला!"

भिंत मात्र जागच्या जागी होती.

४

हाकिम यायला आता थोडाच वेळ उरला होता. आवारात झेंडे लागले. फाटकाला लाल फीत बांधली गेली. सालोमत डोकं धरून महल्ल्याच्या अंगणात बाकावर बसली. समोर पालथी घातलेली भली मोठी कढई, शेजारी विझलेली चूल.

"तोंड का सुकलंय गं?" हाजर-बुवीने तिच्या हातात वाडगा दिला. महल्ल्यातली सगळ्यात म्हातारी बाई. सणाचा सुमलाक तिच्या देखरेखीशिवाय कोणी चुलीवर चढवत नसे. "खा. रात्रभर ढवळलाय आम्ही बायकांनी. हाताचे तुकडे पडले."

गव्हाच्या अंकुरांचा तो तपकिरी, गोडसर लापशीसारखा सुमलाक सालोमतला लहानपणापासून आवडायचा. दुसऱ्याच घासाला दाताखाली कट्‌कन वाजलं.

"अगं बाई, आलाच तुझ्या वाट्याला!" बुवी टाळ्या पिटत हसली. "माग काहीतरी मनातलं."

सालोमतने तोंडातून गोटा काढला. नदीतला साधा गुळगुळीत गोटा. कढईच्या बुडाला पीठ लागू नये म्हणून असे गोटे आत सोडतात आणि ज्याच्या वाडग्यात गोटा येईल त्याने इच्छा मागायची. हे तर तिच्या आईनेही दरसाल केलेलं. संध्याकाळी चूल पेटवायची, रात्रभर उकळवायचा, पहाटे झाकून ठेवायचा...

ती तो गोटा बोटांत फिरवत राहिली आणि एकदम ताडकन उठली. वाडगा बाकावर कलंडला.

"बुवी! हे गोटे कुठून आणता?"

"कालव्यातून. आणखी कुठून?"

"सगळे?"

बुवी जरा घुटमळली. "एक... एक तोहिरच्या खोपटातला. गोटे कमी पडले आणि माझे गुडघे कालव्यापर्यंत जाईनात. त्याला रोटी द्यायला गेले तर तो नव्हता. रोटी उबेत राहावी म्हणून गोधडी उचलली, तर खाली भांड्यात चार सुंदर गोटे. म्हटलं, पाठ शेकायला ठेवले असतील बिचाऱ्याने. एकाने काय जातंय? धुऊन टाकला कढईत. का गं? काही पाप झालं का माझ्याकडून?"

"पाप?" सालोमतने त्या सुरकुतलेल्या हातांचा मुका घेतला. "बुवी, तुम्ही तीनशे पोरांचा जीव वाचवलाय! आता एवढंच सांगा. तो गोटा कोणाच्या वाट्याला आला?"

"ते मला काय ठाऊक? सगळ्या महल्ल्याने खाल्लं. पण ज्याला आला तो फेकणार नाही हो. इच्छा पुरी होईतो जवळ बाळगायचा असतो."

जवळ बाळगायचा. अंड्याइतका गरम. आणि नमाजाला हद्दीबाहेर जाणारा! सालोमत स्कर्ट सावरत धावत सुटली.

५

खोपटात तिने सगळ्यांना गोळा केलं. तोहिर-आका, नर्गिझा, संगणक कडेवर घेतल्यासारखा धरून फर्रुख आणि नुकताच मशिदीतून परतलेला सोबिर-ओता.

"भिंत कधी उकळलीच नाही," सालोमत म्हणाली. "सुमलाक उकळला. तिसरा सेन्सर रात्रभर कढईत होता. पण कढईत पडायला तो आधी भिंतीबाहेर असायला हवा ना? तोहिर-आका, गोधडी वर करा."

आका हलला नाही. तिने स्वतः गोधडी उचलली. निखाऱ्यांजवळ मातीचं भांडं होतं आणि त्यात तीन राखाडी सेन्सर.

नर्गिझाच्या तोंडून शिवी गेली.

"हे तीन," सालोमत म्हणाली. "फर्रुख, तिसऱ्याचं काय?"

"सापडला परत. नमाज सुटल्यापासून इथेच दिसतोय, ओपा. इथे, खोलीतच."

"सोबिर-ओता," सालोमतचा आवाज नरम झाला, "खिशात काय आहे?"

म्हाताऱ्याला कळायला थोडा वेळ लागला. मग खिशातला हात बाहेर आला. मूठ उघडली. तळव्यावर सुमलाकचा तपकिरी डाग लागलेला तिसरा सेन्सर होता.

"माझ्या वाडग्यात आला," तो म्हणाला. "मी शाळा मागितली. उघडू दे म्हटलं, एवढंच. दुसरं काही मागितलं नाही." मग त्याने तोहिरकडे पाहिलं. "तू हे भिंतीत घातलंच नाहीस?"

"पूर्वेची भिंत पाडली तेव्हा पोरं टाळ्या वाजवत होती, ओता," तोहिर-आकाचा आवाज चिरकला. "माझ्याकडे गवंडीकाम शिकलेली पोरं! पुन्हा तसं होऊ द्यायचं नव्हतं मला. नियम बदलला, ऐन थंडीत गॅस तुटला, सात दिवस तापवू कशाने? जुन्या नियमाप्रमाणे तीन दिवस ठेवली ना उबेत! चांगली आहे भिंत. आयुष्यभर अशाच बांधल्या. प्लास्टर करताना हे आत दाबून टाकणार होतो. यंत्रापायी पोरांनी तिसरा हिवाळाही डब्यात काढायचा होता का?"

"यंत्रापायी नाही," सालोमत म्हणाली. "चौथ्या रात्री आतलं पाणी गोठतं. वरून भिंत छान दिसते, तळहाताला कळत नाही. म्हणून तर नियम बदलला. तुम्हाला एवढी खात्री आहे ना? मग ड्रिल मागवते. तुम्हीच सांगा कुठे भोक पाडायचं."

६

तोहिर-आकाने जागा दाखवली. सगळ्यात चांगली, जिन्याजवळची, आडोशाची. ड्रिल फिरलं. मनगटाएवढी काँक्रीटची कांडी बाहेर काढायची, ती अखंड यायला हवी. आली ती तीन तुकड्यांत. आकाने त्यातला एक हातात घेऊन अंगठ्याने दाबला आणि शिळ्या रोटीसारखा त्याचा चुरा झाला.

तोहिर-आका भिंतीकडे पाठ करून उभा राहिला आणि त्याचे खांदे हलायला लागले. सालोमतला त्याची दया आली आणि संतापही आला, दोन्ही एकदमच. त्या पोरांच्या डोक्यावर हे ठेवणार होता हा माणूस, आणि पोरांवर प्रेम होतं म्हणून.

तिने अहवालात लिहिलं, 'यंत्र ठणठणीत. भिंत नापास.' आणि खाली सही केली.

फाटकाबाहेर गाड्या येऊन थांबल्या होत्या. फोन वाजला. साहेब नव्हते, खुद्द हाकिमाची माणसं होती आणि मग खुद्द हाकिम. फीत कापायची आहे, पाहुणे गाडीत बसलेत, कचेरीतली एक साधी बाई सबंध समारंभ कशी अडवून धरते, असं बरंच काही. सालोमतने तोंड उघडलं तोच सोबिर-ओताने तिच्या हातातून फोन काढून घेतला.

"सोबिर बोलतोय, महल्ल्याचा प्रमुख," तो म्हणाला. बसलेला घसा, पण शब्द एकेक करून स्पष्ट. "तुम्हाला दोन वर्षं अर्ज करकरून ज्याने भंडावलं तोच. शाळा आज उघडणार नाही. ही भिंत आम्ही पाडतोय, सगळा महल्ला मिळून. आत्ता. त्या बाईला काही बोलायचं नाही, मला बोला."

पलीकडून काय उत्तर आलं ते कोणाला ऐकू आलं नाही. म्हाताऱ्याने ते शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"या ना, जरूर या," तो म्हणाला. "पण कात्री गाडीतच ठेवा, हाकिमसाहेब. येताना पहार घेऊन या."

त्याने फोन सालोमतला परत दिला, जाकीट काढून पायरीवर ठेवलं आणि तोहिर-आकाला हाक मारली. "चल रे. कुठून फोडायला घ्यायची, ते तुलाच माहीत."